नऊ वर्षांचा मुलगा गेममध्ये अनोळखी ‘मित्रा’शी बोलतो: टॅबलेट काढून घ्यावा का?

प्रश्न थोडक्यात असा आहे. मुलगी सहा वर्षांची, मुलगा नऊचा. दोघांत मिळून एक टॅबलेट, शिवाय आईबाबांचे फोन अधूनमधून हातात येतात. मुलगा एका ऑनलाइन गेममध्ये कुणातरी ‘मित्रा’शी रोज बोलतो, हे त्यानंच बोलता बोलता सांगितलं. मुलीला कार्टून बघताना काहीतरी भेसूर दिसलं आणि ती आता एकटी झोपायला तयार नाही. आई विचारते आहे की सगळं बंदच करून टाकू का? आणि बंद करायचं नसेल, तर कोणतं ॲप टाकलं म्हणजे मी निर्धास्त राहीन?

मुलांचा आणि पालकांचा समुपदेशक म्हणून काम करताना हा प्रश्न माझ्याकडे वेगवेगळ्या रूपांत सतत येतो. पहिल्या भागाचं उत्तर आधी देतो: टॅबलेट काढून घेऊ नका, निदान या कारणासाठी तरी नको. मुलगा स्वतःहून बोलला, ही या घटकेला तुमच्याजवळची सगळ्यात मोलाची गोष्ट आहे. टॅबलेट गेला तर त्याच्या डोक्यात एवढंच पक्कं बसेल की आईला सांगितलं की खेळ जातो. पुढच्या वेळी तो गप्प बसेल. मुलांना जाळ्यात ओढणाऱ्या माणसांना हे चांगलं ठाऊक असतं. ‘घरी कळलं तर तुझा फोन काढून घेतील’ ही त्यांची ठरलेली धमकी, आणि ती चालते, कारण बहुतेक घरांत ती खरी असते. म्हणून मी पालकांना सांगतो, की मूल वाईट बातमी घेऊन तुमच्याकडे आलं तर त्याचं नुकसान होता कामा नये. बाकी सगळी व्यवस्था यानंतर.

दुसऱ्या भागाचं उत्तर असं, की निर्धास्त करणारं ॲप नाही. पण म्हणून सेटिंग्ज बिनकामाच्या ठरत नाहीत. साधारण आठ-नऊ वर्षांपर्यंत त्या चांगल्याच उपयोगी पडतात, कारण या वयातलं मूल पळवाटा शोधत नाही, चुकून भलतीकडे जाऊन पोचतं. एखाद्या सुट्टीच्या दिवशी तासभर काढा आणि हे काम एकदाचं उरकून घ्या.

सुरुवात खात्यापासून. टॅबलेट तुमच्या खात्यावर चालत असेल तर यंत्राच्या दृष्टीनं तो चालवणारी व्यक्ती मोठी आहे, मग जाहिराती, सुचवलेले व्हिडिओ, शोधाचे निकाल सगळं मोठ्यांचंच येणार. मुलांचं वेगळं खातं काढा: अँड्रॉइडवर गूगलच्या फॅमिली लिंकमधून, ॲपलच्या उपकरणांवर फॅमिली शेअरिंग आणि स्क्रीन टाइममधून. दोन्हीकडे नवं ॲप टाकण्याआधी तुमची परवानगी मागितली जाते, आणि फुकटात मिळणारं एवढं एकच संरक्षण घेतलंत तरी निम्मी डोकेदुखी कमी होते.

खातं काढताना जन्मवर्ष खरं घाला. हे मी मुद्दाम सांगतोय, कारण ‘१३ टाकलं की पटकन उघडतं’ म्हणून पालक स्वतःच खोटं वय घालून देतात. या १३ च्या आकड्यामागे अमेरिकेचा १९९८ मधला ‘कोपा’ हा कायदा आहे. १३ वर्षांखालच्या मुलांची माहिती गोळा करायची तर पालकांची पडताळलेली संमती घ्या, असं तो सांगतो. ती झंझट टाळायला बहुतेक कंपन्यांनी १३ च्या आत प्रवेशच नाही असं जाहीर करून टाकलं आणि तीच रेषा जगभर पसरली. म्हणजे तेराव्या वर्षी मूल समाजमाध्यमांसाठी तयार होतं, असं कुणा बालतज्ज्ञानं ठरवलेलं नाही. आता हिशेब बघा: नऊ वर्षांच्या मुलाचं वय आज १३ दाखवलंत, तर तो १४ चा होईल तेव्हा ती सेवा त्याला १८ चा समजेल आणि किशोरांसाठीची सगळी बंधनं त्याच्या खात्यावरून आपोआप निघून जातील. तेव्हा त्याचं वय काय घातलं होतं, हे तुम्हालाही आठवणार नाही.

मग खरेदी. प्रत्येक खरेदीला पासवर्ड लागेल अशी सेटिंग करा, आणि ‘दर वेळी विचारा’ हाच पर्याय निवडा. एकदा पासवर्ड टाकला की पुढे काही वेळ तो मागितला जात नाही, अशी सोय अनेक ठिकाणी असते. ॲपलच्या दुकानात पूर्वी ही मुदत १५ मिनिटांची होती. त्या १५ मिनिटांत मुलांनी गेममध्ये केलेल्या खरेदीवरून प्रकरण अमेरिकेच्या व्यापार आयोगापर्यंत गेलं आणि जानेवारी २०१४ मध्ये कंपनीनं ग्राहकांना किमान ३.२५ कोटी डॉलर परत द्यायचं मान्य केलं. मुलं चोरून पैसे उडवतात असं नव्हे, त्या वयात गेममधलं नाणं आणि खरा पैसा यांतला फरकच कळत नसतो.

तुमचा स्वतःचा फोन द्यावा लागतो तेव्हासाठी एक युक्ती. आयफोनमध्ये ‘गायडेड ॲक्सेस’ आणि अँड्रॉइडमध्ये ‘ॲप पिनिंग’ नावाची सोय असते. ती पिनसह चालू केली की पडद्यावर एकच ॲप राहतं आणि पिन घातल्याशिवाय त्यातून बाहेर पडता येत नाही. तुमचे मेसेज, गॅलरी आणि बँकेचं ॲप मुलापासून (आणि मूल त्यांच्यापासून) वाचतं.

आता मुलीकडे वळू. कार्टूनमध्ये भेसूर काही कसं आलं, हे आधी समजून घ्या. व्हिडिओंच्या सेवांवर माणूस प्रत्येक चित्रफीत पाहून पास करत नाही. काम मुख्यतः यंत्र करतं, तेही शीर्षक, चित्रं, आवाज यांच्या खुणांवरून. २०१७ मध्ये हे फार मोठ्या प्रमाणावर उघड झालं: मुलांच्या आवडत्या पात्रांना घेऊन बनवलेले हिंसक, किळसवाणे व्हिडिओ यूट्यूबवर ढिगानं होते आणि त्यांतले काही खास मुलांसाठी २०१५ मध्ये काढलेल्या यूट्यूब किड्समध्येही घुसले होते. त्यानंतर चाळण्या बऱ्याच कडक झाल्या. २०१९ मध्ये मुलांची माहिती संमतीशिवाय गोळा केल्याच्या प्रकरणात गूगल आणि यूट्यूबला १७ कोटी डॉलर भरावे लागले, आणि जानेवारी २०२० पासून ‘मुलांसाठी’ म्हणून नोंदलेल्या व्हिडिओंखालच्या प्रतिक्रिया आणि आवडीनिवडी टिपून दाखवल्या जाणाऱ्या जाहिराती बंद झाल्या. तरीही चाळणीतून काहीतरी निसटणारच, असं धरून चाला.

सहा वर्षांच्या मुलीसाठी यूट्यूब किड्समध्ये एक पर्याय आहे जो फार थोडे पालक वापरतात: ‘मंजूर केलेलंच दाखवा’. चार वर्षांपर्यंत, पाच ते आठ आणि नऊ ते बारा असे तीन तयार गट तिथे असतात. ते बाजूला ठेवून तुम्ही स्वतः निवडलेले चॅनल आणि व्हिडिओ तेवढेच दिसतील असं करता येतं. सुरुवातीला निवडत बसावं लागतं, कंटाळा येतो, पण या वयाची मुलं तेच तेच पुन्हा बघायला खूश असतात, त्यामुळे यादी लहान असली तरी चालतं. त्याबरोबर ऑटोप्ले बंद करा. मुलं भलत्या ठिकाणी पोचतात ती बहुधा शोधून नव्हे, एकामागून एक आपोआप सुरू होणाऱ्या व्हिडिओंतून. आणि हेडफोन देऊ नका. आवाज तुमच्या कानावर पडत राहिला तर काही बिनसलं की स्वयंपाकघरातूनही कळतं. हा उपाय इतका साधा आहे की पालकांचा त्यावर विश्वास बसत नाही.

हे सगळं करूनही एखादी गोष्ट दिसलीच तर काय करायचं, ते तिला हातानं करून दाखवा: टॅबलेट पालथा घालायचा आणि मोठ्या माणसाला हाक मारायची. बंद कसं करायचं, मागे कसं जायचं, हे घाबरलेल्या मुलाला सुचत नाही. पालथा घालणं सुचतं. खेळ म्हणून दोन-चारदा सराव करून घ्या. आणि ती हाक मारेल तेव्हा तुमचा चेहरा जपा. ‘काय बघत होतीस तू?’ या प्रश्नात आरोप असतो आणि तो सहा वर्षांच्या मुलीलाही ऐकू येतो. ‘बरं झालं बोलावलंस’ एवढं आधी म्हणा. मग तिनं काय पाहिलं ते तिच्या शब्दांत सांगू द्या, हवं तर चित्र काढू द्या. ते कुणीतरी लोकांना घाबरवायला बनवलेलं खोटं चित्र होतं, तुझी त्यात काही चूक नव्हती, असं सांगा. काही दिवस तिच्याजवळ झोपा, त्यानं ती ‘लाडावणार’ नाही. काही आठवडे उलटले तरी झोप, भूक किंवा शाळेत जाणं बिघडलेलंच राहिलं, तर मात्र बालरोगतज्ज्ञांना किंवा समुपदेशकांना दाखवा.

एक कटकट इथेच बोलून घेतो. पालकांच्या गटांत ‘हा नवा जीवघेणा चॅलेंज आलाय, मुलांना दाखवून सावध करा’ असे मेसेज फिरतात. ‘मोमो’चं तसंच झालं होतं. २०१८-१९ मध्ये मोठ्या डोळ्यांच्या एका बाईचा फोटो जगभर फिरला, ती व्हिडिओंमधून मुलांना स्वतःला इजा करायला सांगते म्हणून. प्रत्यक्षात ते जपानमध्ये बनवलेलं एक शिल्प होतं, आणि त्या ‘चॅलेंज’मुळे मुलांना इजा झाल्याचा पुरावा सापडला नाही, असं ब्रिटनमधल्या मुलांच्या सुरक्षेसाठी काम करणाऱ्या संस्थांनी तेव्हाच सांगितलं. अनेक मुलांनी तो चेहरा पहिल्यांदा पाहिला तो मोठ्यांनीच दाखवला म्हणून. असा मेसेज आला तर पुढे पाठवू नका आणि मुलांना ते चित्र तर मुळीच दाखवू नका.

मुलाच्या ‘मित्रा’चं प्रकरण यापेक्षा महत्त्वाचं आहे, म्हणून त्यावर जरा थांबतो.

‘अनोळखी माणसाशी बोलू नकोस’ हा सल्ला गेममध्ये पहिल्या दिवसानंतर निकामी होतो. दोनदा एकत्र खेळल्यावर समोरचा त्या मुलाच्या लेखी अनोळखी राहतच नाही. त्याचं टोपणनाव माहीत असतं, तो कुठे हरतो तेही माहीत असतं. म्हणून माणूस कोण आहे यापेक्षा तो काय मागतो, याकडे मुलाचं लक्ष वळवा. गैरहेतू असलेली माणसं बहुधा एकाच वाटेनं येतात. आधी कौतुक आणि मदत, मग भेट, म्हणजे गेममधलं चलन किंवा एखादी दुर्मिळ वस्तू. मग वय, शाळा, घरी कोण कधी असतं, असे सहज वाटणारे प्रश्न. मग ‘इथे नको, त्या दुसऱ्या ॲपवर बोलू’, कारण तिथे गेमची देखरेख नसते. मग ‘हे आपल्या दोघांतलंच’. आणि त्यानंतर फोटो किंवा व्हिडिओ कॉल. नऊ वर्षांच्या मुलाला यातल्या चार गोष्टी लक्षात ठेवता येतात: कुणी फुकट काही दिलं, दुसऱ्या ॲपवर बोलावलं, फोटो मागितला किंवा गुपित ठेवायला सांगितलं, तर घरी सांगायचं. समोरचा वर्गातला मुलगा असला तरी. हा शेवटचा भाग गाळू नका, कारण त्रास देणारे नेहमीच अनोळखी नसतात.

त्या मित्राबद्दल चौकशी करताना उलटतपासणी नको. शेजारी बसा आणि म्हणा, ‘तुझा गेम मला दाखव की, कसा खेळतात?’ मुलं या आमंत्रणाला बहुधा खुलतात. खेळता खेळता विचारा, तो कसा भेटला, काय बोलता, त्यानं कधी काही दिलं का, कधी काही मागितलं का. बहुतेक वेळा समोर असंच एक खेळवेडं पोरगं निघतं. तेवढ्यानं समाधान झालं तर खेळ चालू राहू दे, पण बैठकीच्या खोलीत, स्पीकरवर.

आणि गप्पांच्या सेटिंग्ज स्वतः उघडून बघा, कंपनीनं आधीच सुरक्षित करून ठेवल्या असतील असं धरू नका. फोर्टनाइट बनवणाऱ्या एपिक गेम्सवर अमेरिकेच्या व्यापार आयोगानं ठेवलेल्या आरोपांत एक हाच होता, की मुलांसाठीही आवाजी आणि लेखी संभाषण सुरुवातीपासून चालू ठेवलेलं होतं. डिसेंबर २०२२ मध्ये कंपनीनं वर सांगितलेल्या ‘कोपा’ कायद्याखाली २७.५ कोटी डॉलर दंड भरायचं मान्य केलं. रोब्लॉक्स या ऑनलाइन गेमच्या सेवेनं नोव्हेंबर २०२४ मध्ये १३ वर्षांखालच्या मुलांना गेमबाहेर थेट संदेश पाठवणं बंद केलं आणि पालकांना आपल्या खात्यातून मुलाच्या सेटिंग्ज बघण्याची सोय दिली. अर्थात या सोयी मुलाचं वय खरं घातलं असेल तरच लागू होतात, म्हणून वर जन्मवर्षावर इतका वेळ घालवला. नऊच्या मुलासाठी माझं मत सरळ आहे: गप्पा फक्त ओळखीच्या, प्रत्यक्ष भेटलेल्या मुलांशी, आणि आवाजी संभाषण बंद.

चौकशीत खरंच काही वावगं निघालं, फोटो मागितला गेला किंवा गेलाही, तर पहिलं वाक्य मुलासाठी: ‘तुझी चूक नाही, आता हे मी बघतो.’ आई असाल तर ‘बघते’. मग काही मिटवण्याआधी संभाषण, टोपणनाव, तारीख, वेळ यांचे स्क्रीनशॉट घ्या. मुलाचा उघडा फोटो त्यात असेल तर तो मात्र कुणालाही पाठवू नका, ‘पुरावा’ म्हणून नातेवाइकांनाही नाही. फोन तसाच पोलिसांना दाखवा. मूल असल्याचं भासवून त्या माणसाशी तुम्हीच बोलत राहायचा मोह होतो. त्यानं तो सावध होतो आणि तपास बिघडतो. पुरावा घेतल्यावर गेममध्ये तक्रार नोंदवा आणि त्याला ब्लॉक करा. पैसे मागितले असतील तर देऊ नका, एकदा दिले की मागणी वाढते. फोटो पसरण्याची भीती असेल तर ‘टेक इट डाउन’ ही मोफत सेवा आहे, अमेरिकेतल्या हरवलेल्या आणि शोषित मुलांसाठीच्या राष्ट्रीय केंद्राची, पण जगात कुठूनही वापरता येते. तिथे फोटो चढवावा लागत नाही. तुमच्याच उपकरणावर त्या फोटोचा एक आकडी ठसा तयार होतो, फक्त तो ठसा सहभागी कंपन्यांकडे जातो आणि जुळणारा फोटो त्यांच्या सार्वजनिक सेवेवर दिसला तर त्या काढू शकतात.

मुलाचे मेसेज गुपचूप वाचणारी ॲप टाकू का, हा प्रश्न यानंतर येतोच. मला ती पटत नाहीत. मुलाला पत्ता लागतो तेव्हा तो बोलणं थांबवतो आणि आपण ज्याच्या भरवशावर आहोत तेच जातं. देखरेख ठेवायची तर उघड ठेवा: ‘तुझा टॅबलेट आठवड्यातून एकदा आपण दोघं मिळून बघणार.’ नऊच्या मुलाला हे मान्य असतं. चौदाच्या मुलाला नसेल, तोपर्यंत ही सवय सैल करत न्यायची असते.

खेळण्यांबद्दल थोडं. इंटरनेटला जोडलेली बाहुली, घड्याळ, बोलका टेडी हीसुद्धा ऑनलाइन उपकरणंच. जर्मनीच्या नियामकानं २०१७ मध्ये ‘माय फ्रेंड कायला’ ही बोलकी बाहुली लपवलेलं हेरगिरीचं साधन ठरवून तिच्यावर बंदी घातली. त्याआधी २०१५ मध्ये व्हीटेक या शैक्षणिक खेळणी बनवणाऱ्या कंपनीतून सुमारे ६४ लाख मुलांच्या खात्यांची माहिती चोरीला गेली होती. असं खेळणं घरात असेल तर नाव-जन्मतारीख खरी भरायची गरज नसते. खातं सुरक्षेसाठी असतं तिथे वय खरं हवं, इथे टोपणनाव चालतं. गप्पा मारणाऱ्या कृत्रिम बुद्धिमत्तेच्या पात्रांनाही सहा-नऊच्या वयात एकटं भेटू देऊ नका. मूल त्यांना माणूस समजतं आणि मनातलं सगळं सांगतं. अशा पात्रांची मोठी सेवा असलेल्या कॅरेक्टर एआयनं नोव्हेंबर २०२५ मध्ये १८ वर्षांखालच्यांसाठी मोकळ्या गप्पा स्वतःच बंद केल्या.

किती वेळ द्यावा, हे तुम्ही विचारलेलं नाही आणि मी लांबण लावत नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१९ च्या मार्गदर्शक सूचना पाच वर्षांखालच्या मुलांसाठी आहेत: एक वर्षाच्या मुलाला बसून पडदा बघायला लावूच नये आणि दोन ते चार वर्षांत दिवसाला तासाहून जास्त नको. तुमच्या दोन्ही मुलांसाठी मी तासांपेक्षा जागा ठरवेन. रात्री टॅबलेट आणि फोन मुलांच्या खोलीबाहेर चार्जिंगला, मोठ्यांचेही.

राहता राहिले तुम्ही टाकलेले फोटो. मुलांची माहिती बाहेर जाते त्यात मुलांपेक्षा घरच्यांचा हात मोठा असतो. गणवेशावरचं शाळेचं नाव, दारावरची पाटी, वाढदिवसाच्या केकवरचं नाव आणि आकडा, एवढं एकाच फोटोत मिळून जातं. कॅमेऱ्याच्या सेटिंगमध्ये ठिकाणाची नोंद बंद करा, खाती ओळखीच्यांपुरती ठेवा, आणि आंघोळीचे किंवा अर्धवट कपड्यांतले फोटो कुठेच टाकू नका, अगदी कुटुंबाच्या गटातही. मुलगा नऊचा आहे, त्याला आधी विचारा. तो नको म्हणाला तर तो फोटो टाकू नका. जुन्या पोस्टही एकदा चाळा, शाळेच्या पहिल्या दिवसाचा फोटो बहुतेक सगळ्यांच्या खात्यावर सापडतो.